दादल्याची मूठ

माझ्या बायकोला सरकारी नोकरी होती आणि तिचं काम होतं फळा पुसायचं. लोक हसतात, हसू द्या. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, सगळा जन्म सुरतेला पांडेसऱ्याच्या रंगाच्या मिलमध्ये कापड उकळण्यात गेला. मला गोड लिहिता येत नाही. तिला जाऊन हा दुसरा श्रावण. परवा पुतण्याच्या बायकोने कानबाईच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याचे, गहू मोजले, माझ्या नावाची मूठ सुपात टाकली, आणि माझ्याने तिथे बसवेना. उठलो, नातीची जुनी वही मागून घेतली. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून वहीत बोलतो.

आताच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं, पण आमच्या काळात नदीला पाणी किती आहे हे सांगणं गुन्हा होता. जुन्या लढाईनंतर सरकारने तसा कायदा केला होता. शत्रूला नदीची खबर लागली तर कुठून उतरायचं ते तो ठरवील, असं त्यांचं म्हणणं. पुलाच्या खांबांवरचे आकडे डांबर फासून बुजवले होते. पेपरात पावसाचं छापून यायचं, नदीचं नाही. वरच्या धरणाचे दरवाजे कधी उघडणार आणि किती उघडणार, हे नदी खात्याच्या चार साहेबांना माहीत असायचं आणि पाचव्या माझ्या बायकोला. आम्ही काठावरची माणसं. पाणी घरात शिरलं की म्हणायचो, तापीमाय कोपली. मीही म्हणायचो. नारळ वाहायचो.

तेव्हा सुरत आणि धुळं एकाच राज्यात होतं. राज्य तोडायच्या गोष्टी साठ सालापासून चालल्या होत्या, पण नव्वद साल उलटलं तरी कोणी तोडलं नव्हतं. त्यामुळे खान्देशातल्या बाईला सुरतेच्या सरकारी कचेरीत लागायला अडचण आली नाही. उलट तिला वाचता येत नव्हतं म्हणूनच ती नोकरी मिळाली. साहेबांच्या खोलीत भिंतभर काळा फळा होता. त्यावर रोज नदीचा हिशेब मांडायचे आणि कचेरी सुटायच्या वेळी तो पुसायला अंगठेवाली बाईच पाहिजे, असा त्यांचा नियम. लागली त्या दिवशी साहेबाने कागद वाचून दाखवला. फळ्यावरचं काहीही तोंडाने सांगणार नाही, लिहून देणार नाही. तिने तो कागद दोनदा वाचायला लावला. मग अंगठा उठवला.

तिचं तोंड असं होतं की नळावर तिच्यापुढे बादली सरकवायची कोणाची छाती नव्हती. मिलचा सुपरवायझर एकदा माझी चौकशी करायला घरी आला, तर त्याला तिने दारातूनच असा धुतला की दुसऱ्या दिवशी तो मला "भाऊ" म्हणायला लागला. असली बाई फळ्याचं नाव काढलं की मुकी व्हायची.

पहिल्याच पावसाळ्यात मी विचारलं, "काय गं, पाणी येणार का?"

ती भाकरी थापत होती. थापत राहिली.

"अगं नवरा आहे मी तुझा."

"मग नवऱ्यासारखं जेवा," ती म्हणाली. "खात्याचं खात्यात."

नऊ वर्षं तेच. मी चिडायचो. म्हणायचो, सरकारने बायको पळवली माझी. दोन वेळा पाणी उंबऱ्यापर्यंत आलं, तेव्हाही तिने आधी शब्द काढला नाही. नुसते धान्याचे डबे आदल्या दिवशी फळीवर चढलेले असायचे. मला वाटायचं, बाई टापटिपीची आहे.

नव्वद सालाच्या पुढची दोनतीन वर्षं गेली होती. आमची वस्ती कतारगामच्या खालच्या अंगाला, नदीला लागून. साठेक घरं, बहुतेक सगळी खान्देशातली. शेवटच्या ओळीत बौद्धांची सातआठ घरं, तीही आमच्याच बाजूची, रेल्वेत आणि मिलमध्ये कामाला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नाकडोळे काढायचे, लुगडं नेसवायचं. सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर न्यायचं. अख्खी वस्ती पाण्यात गुडघाभर उतरते, बाया फुगड्या खेळतात, आणि नदीतली वाळू परातीत घेऊन घरी यायचं. घरी थांबतं कोण, तर बाळंतीण.

रोटाचे गहू शनिवारी घेतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. एक भरलेली मूठ आणि वर चिमूट. जितके जिवंत पुरुष, तितक्या मुठी. मेलेल्याची मूठ घालत नाहीत. बाईची तर नसतेच. हे गहू दळून जे रांधायचं ते कुळातल्यांनीच खायचं, बाहेर द्यायचं नाही. आमच्या भाऊबंदांची अकरा घरं होती आणि कानबाई आमच्या घरी बसायची, म्हणून सगळ्या बाया आमच्याकडे येऊन एकाच सुपात मोजायच्या.

त्या शनिवारी कचेरी अर्धा दिवस होती, बायको दुपारीच आली. चहा ठेवला नाही. हातपाय धुऊन गव्हाच्या पोत्याजवळ बसली. बाया जमल्या होत्या, गाणी चालू होती. मी दाराबाहेर उंबऱ्याशी चपलेला खिळा ठोकत बसलो होतो. मान कानबाईच्या घराचा, म्हणून पहिली मूठ तिची. आमच्या घरात पुरुष एकच, मी. दोन्ही पोरी लग्न होऊन गेलेल्या. एक मूठ टाकायची होती, झालं. तिने पोत्यात हात घातला, रिकामाच बाहेर काढला आणि सूप पुढे सरकवलं.

"काय व माय, दादलाले इसरनी का?" माझी मोठी भावजय म्हणाली. दादला म्हणजे आमच्या बोलीत नवरा. भावजय साठीची, भावामागे विधवा, सगळ्यांत मानाची.

"भांडन व्हयनं वाटस!" दुसरी एक ओरडली.

बाया खिदळल्या. मीही बाहेर हसलो. म्हटलं, काल भाजी खारट झाली म्हणालो त्याचं उट्टं काढते. पण ती हसेना, बोलेना, मूठही टाकेना. गाणं थांबलं. मग मला राग आला. सणासुदीला, देवीपुढे, माणूस जिवंत असताना त्याची मूठ टाकायची नाही म्हणजे काय? आत गेलो. पुरुषाने त्या सुपाला हात लावायचा नसतो. मी लावला. पोत्यातून मूठ भरली आणि टाकली. "ही माझी. मी मेलो नाही अजून."

तिने ते गहू ओंजळीने उचलले आणि परत पोत्यात ओतले.

मी तिला शिवी दिली. कोणती ते लिहीत नाही. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. तिच्या पदराला खडूचा पांढरा पट्टा लागला होता, तो मी पाहिला आणि गाढवासारखा नुसता पाहतच राहिलो.

कळलं भावजयीला. ती हसायची थांबली आणि माझ्या बायकोसमोर मांडी घालून बसली. स्वतः एक मूठ भरली, वर चिमूट घातली आणि सुपात ठेवली.

"ही तुझ्या दादल्याची. सोमवारी कानबाई नदीवर नेऊ ना?"

बायकोने मूठ उचलून पोत्यात टाकली.

भावजयीने दुसरी भरली. "बरं. नदीवर नेलीच नाही, इथेच घरात ठेवली. आपणही घरातच राहिलो. मग?"

हीपण मूठ पोत्यात गेली.

कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या तर बाकीच्यांनी तिच्याकडे डोळे वटारले.

"उद्या निघालो तर?" भावजयीने तिसरी मूठ ठेवली.

बायकोने हात लावला नाही. मूठ सुपात राहिली.

"कुठे नेऊ? वर? लांब?"

तेव्हा माझ्या बायकोने स्वतः पोत्यात हात घातला. अशी मूठ भरली की बोटांतून दाणे सांडत होते. ती आधीच्या मुठीवर ओतली, वर चिमूट घातली, आणि दोन्ही हात सुपावर धरून बसली. जणू कोणी हिसकावून नेणार होतं. तोंड गच्च मिटलेलं होतं.

भावजय उठली. सूप उचललं, सगळे गहू पोत्यात रिते केले. "चला. वर जाऊन मोजू."

वस्तीत बातमी पसरली ती एवढीच: त्या घरात दादल्याची मूठ काढली. पाणी हा शब्द कोणी बोललं नाही. बोलायची गरजच पडली नाही. खान्देशातल्या बाईला हे सांगितलं की ती पुढचं विचारत नाही, गाठोडं बांधते. मला शेवटच्या ओळीतल्या बौद्ध घरांची काळजी. ते कानबाई करत नाहीत, त्यांना काय सांगायचं? मी गेलो. तिथला एक रेल्वेतला गँगमन, तोंडाचा फटकळ, मला म्हणाला, "मामा, तुमच्या देवीला आम्ही मानत नाही. पण गहू मोजणारी बाई नदी खात्यात आहे, एवढं आम्हाला कळतं." त्याची पेटी माझ्या आधी बांधून झाली होती. घरात नऊ वर्षं राहून मला जे कळलं नाही, ते त्याला सात दारं पलीकडून कळलं.

रविवारी दुपारपर्यंत वस्ती रिकामी झाली. हातगाड्या, सायकली, एक टेम्पो. मिलचा वॉचमन माझ्या ओळखीचा, त्याने गोदाम उघडून दिलं. "कानबाई बसवायची आहे," मी म्हणालो. "इतक्या लोकांनी?" तो म्हणाला. "मोठी देवी आहे," मी म्हणालो. कानबाई रंगाच्या उलट्या पिंपावर बसली. गहू तिथे नव्याने मोजले. पहिली मूठ माझी पडली, आणि कोणी हसलं नाही.

सोमवारी सकाळी बायको कचेरीत गेली. मी अडवलं. ती म्हणाली, "फळा कोण पुसणार?"

पाणी दुपारच्या आत आलं. आमच्या घरांच्या पत्र्यांवरून गेलं. ज्या घाटावर आम्ही गुडघाभर पाण्यात नाचलो असतो, तो घाट कुठे होता ते बोटाने दाखवता येत नव्हतं. मी पुलाच्या तोंडाशी लोकांत उभा राहून पाहिलं. म्हशी वाहत होत्या. एका घराचं छप्पर आख्खं चाललं होतं, त्यावर कपडे वाळत घातलेले. मग मी मिलवर आलो. संध्याकाळी तीही आली, कमरेपर्यंत भिजलेली, आणि पदर खोचून पोळ्या लाटायला बसली. मी तिच्याकडे बघत बसलो. लग्नाला तीस वर्षं झाली होती. देवळात मी इतका गप्प कधी बसलो नाही.

"काय बघताय? लाटणं पाहिलं नाही कधी?" ती म्हणाली.

आमच्या वस्तीतलं एकही माणूस गेलं नाही. पलीकडच्या काठावरची गेली. तिकडची माणसं सोमवारी आपापल्या घरात होती.

पाणी ओसरलं, आम्ही चिखल उपसायला परतलो, आणि आठवड्याने खात्याचे दोघे आले. एक सुरतेचा मोठा साहेब, एक त्याच्या हाताखालचा, हातात वही. काठावरची सगळी वस्ती बुडते आणि एकच वस्ती आदल्या दिवशी निघून जाते, हे त्यांनी सोडलं असतं तरच नवल. दोष लागला तर तुरुंग होता. लोकांनी खुर्च्या मांडल्या. मोठ्या साहेबाने सगळ्यांदेखत तिला तोच कागद वाचून दाखवला.

"बेन, तू कोणाला बोलली?"

"एक शब्द नाही."

"लिहून दिलं?"

"लिहायला येत असतं तर तुम्ही मला ठेवली असती का?"

साहेबाने भावजयीला विचारलं, शनिवारी हिने काय केलं. "गहू मोजले," भावजय म्हणाली. दुसरीला विचारलं. "गहू मोजले." अकरा बायांनी अकरा वेळा तेच सांगितलं. साहेब वैतागला. "गव्हाचं काय लावलंय?"

मग तो हाताखालचा बोलला. इतका वेळ मी त्याला गुजराती समजत होतो. त्याने मान वर केली आणि शुद्ध आमच्या बोलीत विचारलं, "बाई, दादलानी मूठ टाकी होती का?"

तो शिरपूरकडचा निघाला. त्याच्या घरीही कानबाई बसत असणार. त्या एका प्रश्नात सगळं होतं. बायकोने नाही म्हटलं तर सगळं उघडं, हो म्हटलं तर खोटं. तिला खोटं बोलता येत नव्हतं. तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"टाकली," ती म्हणाली. "काढली. परत टाकली."

"कितीदा काढली?"

वहीवर त्याचं पेन टेकलेलं होतं, शाईचा ठिपका मोठा होत चालला होता, तो मी बघत होतो. शेवटी त्याने वही मिटली. "कंई नथी, साहेब," तो मोठ्या साहेबाला म्हणाला. "बायकांचं देवाचं काम आहे. पुरावा म्हणून टिकणार नाही."

तो देवमाणूस होता असं मी म्हणत नाही. जाताजाता त्याने साहेबाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि पुढच्या सोमवारपासून तिच्याकडून फळ्याचं फडकं काढून घेतलं. कचेरीतले संडास धुवायला दिले. सात वर्षं तिने ते धुतले. मी म्हणायचो, सोड नोकरी. ती म्हणायची, "संडासाचं काही गुपित नसतं. बरं आहे."

आणि मला? मला तिने तेव्हाही काही सांगितलं नाही. मी सगळं समजलोय हे तिला माहीत, तिला माहीत आहे हे मला माहीत, पण तोंडाने एक शब्द नाही. अंगठा उठवला होता ना.

नव्वदचं दशक संपता संपता तो कायदा उठला. पुलाच्या खांबावर माणसं दोर बांधून उतरली, डांबर खरवडलं, पिवळ्या रंगाने आकडे काढले. त्या दिवशी आम्ही जेवायला बसलो होतो. तिने ताटात भात वाढला आणि म्हणाली, "आता विचारा."

मला क्षणभर समजलंच नाही. मग घास ठेवला. "त्या दिवशी किती दरवाजे होते?"

"सगळे."

मग तिने सांगितलं. फळ्यावर दरवाज्यांच्या चौकटी काढलेल्या असायच्या. आजची ओळ, उद्याची ओळ, परवाची ओळ. जे दरवाजे उघडायचे, त्या चौकटी खडूने भरायचे. तिला अक्षर येत नव्हतं, पण भरलेली चौकट आणि रिकामी चौकट कोणाला कळत नाही? नऊ वर्षांत चारच्या वर भरलेल्या तिने कधी पाहिल्या नव्हत्या. त्या शनिवारी परवाच्या ओळीत एकही रिकामी नव्हती. "पुसताना हात दुखला," ती म्हणाली. "इतका खडू होता."

मी म्हणालो, "तू आख्खी वस्ती वाचवलीस." इतक्या वर्षांनी पहिल्यांदा म्हणालो.

ती भात चिवडत राहिली. "पलीकडे कानबाई बसत नाही," ती म्हणाली. "त्यांना गहू दाखवून काय कळणार होतं? तिथे तोंडच उघडायला पाहिजे होतं. मी अंगठा सांभाळत बसले."

मी ताटावरून उठलो आणि हात धुतले.

रविवारी तिने धुतलेलं लुगडं नेसलं आणि मला म्हणाली, चला. पुलावरून चालत आम्ही पलीकडे गेलो. वाटेत मी म्हणालो, मारतील तुला. ती म्हणाली, मारू द्या, तुम्ही मध्ये पडू नका. तिकडे भाजीवाल्या गुजराती लोकांची वस्ती, नव्याने बांधलेली घरं. एका ओट्यावर तिच्याच वयाची बाई गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. बायको तिच्यासमोर उभी राहिली. कचेरीत राहून तिला गुजराती चांगलं येत होतं.

"मने खबर हती," ती म्हणाली. "शनिवारथी खबर हती. मी नदी खात्यात होते. मी बोलले नाही."

त्या बाईचा हात थांबला. तिने कोण, काय, कधीचं, काही विचारलं नाही. कोणत्या शनिवारचं, हे त्या वस्तीत सांगावं लागत नसणार. आतून एक तरणी सून डोकावली आणि परत गेली.

"तारा घरनुं कोण गयुं?" बाईने विचारलं. तुझ्या घरचं कोण गेलं?

"कोणी नाही," बायको म्हणाली आणि माझ्याकडे हात केला. "हे राहिले."

बाईने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. असं मला कोणी कधी पाहिलं नाही. उन्हात उभा होतो, टोपी काढावी की ठेवावी कळत नव्हतं. एवढा महाग माणूस मी नाही, असं ओरडून सांगावंसं वाटलं.

ती बाई रडली नाही, ओरडली नाही, बस असंही म्हणाली नाही. परत शेंगा मोडायला लागली. मोडता मोडता तिने गवारीचा ढीग थोडासा बाजूला सारला, ओट्यावर एका माणसापुरती जागा झाली. माझी बायको तिथे बसली. पदर खोचला आणि शेंगा मोडायला लागली. दोघींचे हात चालू होते. ढीग मोठा होता. ऊन उतरलं तरी संपला नव्हता. मी उभाच होतो.